बांगलादेशातले चाळीस लाख सौर संच : मदतीचा पैसा नेमका कुठे लागला?

हिशेबनीस

सौर कृषी पंपांच्या धाग्यावर परवा एक वाक्य वाचलं, ‘परदेशी मदत म्हणजे सल्लागारांची चंगळ आणि गुळगुळीत कागदावरचे अहवाल.’ निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल तिथेच लिहायला बसलो, पण प्रतिसाद मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय. उदाहरण बांगलादेशचं. लहान कर्जांच्या तपासणीच्या कामासाठी माझं तिथे येणं-जाणं होतं, त्यामुळे त्यातला हिशेब जवळून पाहिलाय.

२००२-०३ च्या सुमाराला तिथल्या खेड्यांत बहुतेकांकडे वीज नव्हती. पल्ली विद्युत समित्यांच्या (म्हणजे ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या) तारा पुढे सरकत होत्या, पण नदीपात्रातली वाळूची बेटं, भोला-संद्वीपसारखी समुद्राकाठची बेटं, सुनामगंजकडचा हाओर (पावसाळ्यात सगळा मुलूख पाण्याखाली, गाव म्हणजे त्यातला एक उंचवटा) इथे खांब कधी पोचणार हे कुणीच सांगू शकत नव्हतं. जानेवारी २००३ मध्ये ‘इडकॉल’ या सरकारी वित्तसंस्थेनं जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधीच्या पैशांवर घरगुती सौर संचांचा कार्यक्रम सुरू केला. लक्ष्य होतं २००८ च्या मध्यापर्यंत ५०,००० घरं. ते २००५ मध्येच पार पडलं. मग जर्मनी, जपान, आशियाई विकास बँक, इस्लामी विकास बँक, ब्रिटन, अमेरिका असे सगळेच पाहुणे पंगतीला आले. ऐन भरात असताना महिन्याला ५०,००० च्या वर संच बसत होते, म्हणजे पाच वर्षांचं मूळ लक्ष्य दर महिन्याला. २०१८ पर्यंत ४१ लाखांहून जास्त संच बसले, सुमारे २ कोटी माणसांच्या घरात दिवा लागला.

आता खरी गोष्ट. संच फुकट नव्हता. गिऱ्हाईक दहा-पंधरा टक्के रोख भरायचं, बाकी रक्कम साधारण तीन वर्षांच्या हप्त्यांनी. ते कर्ज ‘ग्रामीण शक्ती’, ‘ब्रॅक’ यांसारखी मोठी स्वयंसेवी संस्था किंवा तिथली एखादी लहान संस्था द्यायची, आणि त्यातला मोठा भाग इडकॉल त्या संस्थेला पुनर्वित्त म्हणून, म्हणजे स्वस्त कर्जाच्या रूपात, द्यायचं. सुरुवातीला संचामागे ९० डॉलरच्या आसपास अनुदान होतं, ते उतरत वीस-पंचवीसवर आलं आणि पुढे तेही फक्त लहान संचांना उरलं. मंजूर यादीतलंच पॅनेल, मंजूर यादीतलीच बॅटरी. बॅटरीला पाच वर्षांची हमी आणि ती विकणाऱ्या संस्थेच्या गळ्यात. बॅटरी बंद पडली की हप्ता थांबायचा, त्यामुळे दुरुस्तीला माणूस धावत यायचा. मदतीचा पैसा वस्तूवर कमी आणि या सगळ्या व्यवस्थेवर जास्त लागला.

हाओरातलं एक किराणा दुकान डोळ्यांसमोर आहे. पत्र्यावर एक पॅनेल, बांबूला बांधलेलं. आत फळीवर लाकडी खोक्यात बॅटरी, वर भिंतीला चार्ज कंट्रोलर, त्यावर हिरवा-लाल दिवा. दुकानदारानं दोन दिव्यांचा संच घेतला होता, एक घरात आणि एक दुकानात. दुकानातल्या दिव्यामुळे रात्री नऊपर्यंत गिऱ्हाईक थांबायचं आणि दहा टका घेऊन तो शेजाऱ्यांचे मोबाइल चार्ज करून द्यायचा. हप्ता त्यातूनच निघतो, असं तो म्हणाला. हप्ता गोळा करणारा पोरगा नावेतून आला, पासबुकात आकडा लिहिला, बॅटरीची झाकणं उघडून पाणी बघितलं, डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि पुढच्या घरी गेला. परिषदांमध्ये ज्याला ‘शाश्वत उपभोग’ आणि ‘कमी कार्बनचा विकास’ म्हणतात ते जमिनीवर असं दिसतं : पासबुक, होडी आणि डिस्टिल्ड वॉटर.

माझं म्हणणं एवढंच की मदतीनं वस्तू वाटण्यापेक्षा हप्ता आणि हमी यांची घडी बसवली तर पैसा अनेक पटींनी काम करतो. हाणा आता.

भुईनळा

आधी पोच. रात्री सवडीनं वाचतो. पुढील लेखनास शुभेच्छा.

तिरफळ

छान धागा. एक बाळबोध शंका. त्या एका पॅनेलवर चालायचं काय काय? आमच्याकडे इन्व्हर्टर असूनही मिक्सर लावला की घरातले ओरडतात.

हिशेबनीस

@तिरफळ, २० वॅटच्या पॅनेलवर दोन-तीन लहान दिवे आणि मोबाइल. ५० वॅटचा घेतला तर काही दिवे आणि छोटा कृष्णधवल टीव्ही. क्रिकेटच्या दिवसांत टीव्हीवाल्या घरी अख्खी वाडी. पंखा, मिक्सर, फ्रिज विसरा.

अडाणी अर्थतज्ज्ञ

हिशेबनीस, तुमच्याच नावाला जागून हिशेब करू. २० वॅट, दिवसाला चार तास चांगलं ऊन धरलं तर ८० वॅट-तास. महिन्याला २.४ युनिट. बॅटरीतली गळती धरली तर दोन. या दोन युनिटांसाठी तो दुकानदार दर महिन्याला काही शे टका हप्ता भरत होता. त्याच वेळी ढाक्यातला एसीवाला सरकारी अनुदानातली वीज काही टका युनिटनं जाळत होता. त्याच्या दारापर्यंत तार कुणी ओढली? सरकारनं, कर्ज काढून. त्याला कुणी विचारलं का, की बाबा खांबाचा हप्ता भर?

याला तुम्ही यश म्हणता, मी म्हणतो गरिबाच्या खिशातून कार्बन वाचवला. ज्यानं आयुष्यात रॉकेलच्या दिव्यापलीकडे धूर केला नाही, त्याला ‘उपभोग जबाबदारीनं करा’ म्हणून शिकवायचं. कौतुकाचे फोटो मात्र त्याच्याच पत्र्याचे.

आणि दुसरी बाजू बघा. जपाननं २०१३ मध्ये इडकॉलच्या अपारंपरिक ऊर्जेच्या कामाला कर्ज दिलं. त्याच जपाननं २०१४ पासून मातारबारीच्या १,२०० मेगावॉट कोळसा प्रकल्पालाही विकासमदतीचं कर्ज दिलं. एका हातानं दिवा, दुसऱ्या हातानं धुराडं, आणि दोन्ही खात्यांवर नाव ‘मदत’.

सोनकी

अर्थतज्ज्ञ, तुमचा हिशेब बरोबर आहे पण तो दोन युनिटांचा आहे, दिव्याचा नाही. माझं लहानपण गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात गेलं, वीज आली तेव्हा मी सातवीत होते. रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास केला की सकाळी नाक शिंकरलं तरी काळं यायचं. भाताच्या तुसात ठिणगी पडेल म्हणून आई दिवा घेऊन कोठीत जाऊ द्यायची नाही. दिव्याला युनिटचा दर लावून त्याची किंमत निघत नाही. तो पहिला दिवा आणि ढाक्यातला दहावा दिवा एकाच तागडीत कसे टाकता?

मात्र ‘उपभोग कमी करा’ हा उपदेश तिथे द्यायचा नाही, यावर शंभर टक्के सहमत. तो आधी आमच्या पुण्यातल्या सोसायटीत द्या. दिवसभर लॉबीत बारा दिवे चालू असतात.

भुईनळा

वाचलं. कोळशाचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरचं झाकून कशाला ठेवायचं? सुंदरबनाजवळचा रामपाल प्रकल्प. १,३२० मेगावॉट, आपली एनटीपीसी आणि त्यांचं वीज मंडळ यांची अर्धी-अर्धी भागीदारी, आणि त्यासाठी आपल्या एक्झिम बँकेचं १.६ अब्ज डॉलरचं कर्ज. बाकूच्या हवामान परिषदेत २०२४ मध्ये श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या मदतीसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा पुढे केला तेव्हा आपण तो फारच तुटपुंजा म्हणून भर सभेत नाकारला, आणि ते बरोबरच केलं. पण शेजाऱ्याला कर्ज देताना आपणही धुराडंच दिलं. देणाऱ्याच्या खुर्चीत बसलं की सगळ्यांची भाषा सारखीच होते.

डोंगरदादा

धुळ्याकडचा असल्यामुळे राहवलं नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, २०१३ मध्ये सुरू झालेला. त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज आहे. ही पण विकासमदतच, पण जात वेगळी. इथे कुणाच्या पत्र्यावर काही नाही, कुणाकडे पासबुक नाही. कंपनीनं कर्ज घेतलं, कंपनी फेडणार, वीज सरळ ग्रीडमध्ये. गावातल्या माणसाला विचारलं की प्रकल्पाचा काय फायदा, तर तो कुंपणाकडे बोट दाखवतो.

पण खरं सांगू का, हिशेबनीस, मला हीच जात बरी वाटते. कर्ज फेडायची डोकेदुखी ज्याला झेपते त्याच्याकडे. गरिबाला तार द्या. ती वीज सौर की कोळशाची, याचा घोर सरकारनं वाहावा.

हिशेबनीस

डोंगरदादा, तार द्या हे बरोबर. पण ‘कधी’ हा प्रश्न असतो ना. २००९ मध्ये बांगलादेशात वीज निम्म्यापेक्षा कमी लोकांकडे होती. मार्च २०२२ मध्ये शेख हसीना यांनी शंभर टक्के विद्युतीकरण जाहीर केलं. (कुठे जाहीर केलं बघा : चिनी कर्जातून उभ्या राहिलेल्या पायरा इथल्या कोळसा प्रकल्पाच्या उद्घाटनात! अर्थतज्ज्ञांना आयता मुद्दा.) म्हणजे २००३ साली ज्याच्या घरात मूल पहिलीत होतं, त्याला ‘तार येईल, थांब’ म्हटलं असतं तर ते मूल कॉलेज संपवून बाहेर पडलं असतं. संच हा मधल्या पंधरा वर्षांचा पूल होता.

अर्थतज्ज्ञांच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जागतिक बँकेनं बांगलादेश सरकारला जे पैसे दिले ते पाऊण टक्का सेवाशुल्कावर आणि चाळीस वर्षांच्या मुदतीनं. सरकारकडून इडकॉल, इडकॉलकडून संस्था, संस्थेकडून दुकानदार. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं वाढत तो पैसा शेवटच्या माणसाकडे नेहमीच्या लहान कर्जाच्या व्याजानं पोचला, आणि मुदत चाळीस वर्षांची तीन वर्षं झाली. संस्थेला होडी, माणूस, पेट्रोल, बुडीत हप्ते हे सगळं भागवायचं असतं हे मान्य. तरी मुदत वाढवता आली असती. तेवढं सैल सोडलं असतं तर हप्ता निम्मा झाला असता. तपासणीच्या बैठकांत हे कुणी काढलं की उत्तर ठरलेलं : ‘बॅटरी पाच वर्षांची, कर्ज त्याहून लांब कसं देणार?’ पॅनेल वीस वर्षांचं असतं, हे कुणी बोलायचं नाही.

तिरफळ

मग आता ते ४१ लाख संच कुठे आहेत?

हिशेबनीस

हाच दुखरा भाग, आणि उत्सवी अहवालांत तो दोन ओळींत उरकलेला असतो. साधारण २०१३ नंतर दोन गोष्टी एकदम झाल्या. एक, तार अपेक्षेपेक्षा भराभर पोचली. दोन, सरकारनं स्वतःच्या कल्याणकारी योजनांच्या पैशातून फुकट सौर संच वाटायला सुरुवात केली. एका घरात हप्त्याचा संच, शेजारच्या घरात फुकटचा. तुम्ही हप्ता भराल का? लोकांनी थांबवला. लहान संस्थांकडे इडकॉलचं देणं तसंच, आणि वसुली आटलेली. काहींनी शाखा बंद केल्या, हप्तेवाले पोरगे घरी बसले, आणि मग ज्यांनी पैसे पूर्ण भरले होते त्यांच्याही बॅटरीत पाणी घालायला कुणी येईना. जी घडी बसवण्यात मदतीचा पैसा खर्च झाला होता, ती घडी मदतीनं मोडली नाही, वाटपानं मोडली. म्हणून आपल्याकडच्या सौर पंप योजनेतले ‘मागेल त्याला’ हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

रानमेथी

बॅटरीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. शिशाच्या बॅटऱ्या, ४१ लाख घरांत, पाच-सहा वर्षांनी प्रत्येक मरणार. जुनी बॅटरी परत घ्यायची सोय कार्यक्रमात होती, पण भंगारवाला जास्त पैसे देतो हे सगळ्यांना माहीत असतं. बांगलादेशात रिक्षा आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्यांचं शिसं उघड्या भट्ट्यांत वितळवण्याचा धंदा आधीपासून आहे आणि आजूबाजूच्या पोरांच्या रक्तात शिसं सापडतं. सौर बॅटऱ्यांनी तो धंदा सुरू केला नाही, पण त्याला कच्चा माल नक्की पुरवला. कार्बनच्या रकान्यात हिरवी खूण, शिशाचा रकानाच नाही.

चांगलं उदाहरणही देते, कारण मी शीतकरणाच्या धंद्यात होते. ओझोनच्या मॉन्ट्रियल करारातून १९९१ मध्ये बहुपक्षीय निधी सुरू झाला. त्याचा नियम साधा : जुना वायू सोडून नवा वापरताना कारखान्याला जो जादा खर्च येतो, तेवढा निधी देणार. कर्ज नाही, अनुदान. त्या आधारानं भारतानं सीएफसी या ओझोनला घातक वायूंचं उत्पादन मुदतीच्या आधी, २००८ मध्येच बंद केलं. पुढे गोदरेजनं जर्मन तांत्रिक मदतीनं २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारा एसी बाजारात आणला. त्यात हवामानाला घातक असा एचएफसी वायूच नाही. गिऱ्हाइकाला यातलं काही कळलंही नाही, त्यानं स्टार बघितले आणि घेतला. मला अशी मदत आवडते. वापरणाऱ्याला भाषण नाही, बदल कारखान्यात.

अडाणी अर्थतज्ज्ञ

रानमेथीताईंना दंडवत. मी तेच म्हणतोय. बदल वरच्या टोकाला करा, खालच्याला स्वस्त चीज आपोआप मिळते. ‘उजाला’ ही एलईडी दिव्यांची सरकारी योजना बघा. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा एलईडी दिव्याच्या खरेदीचा भाव नुकताच तीनशेच्या वरून खाली येऊ लागला होता. सरकारी कंपनीनं कोट्यवधी दिव्यांची एकगठ्ठा निविदा काढली आणि २०१६ पर्यंत भाव ३८ रुपयांवर आणला. दिव्यामागे अनुदान शून्य. जर्मनी, फ्रान्स, जागतिक बँकेची कर्जं त्या कंपनीला मिळाली, ती खेळतं भांडवल म्हणून. ३६ कोटींच्या वर दिवे गेले. कुणाच्या दारी नाव गेली नाही, पासबुक नाही.

सोनकी

नाव गेली नाही कारण दारात तार होती, होल्डर होता! दिवा लावायला काहीतरी हवं ना आधी. हिशेबनीस सांगतायत ते दारच नसलेल्या घराचं.

माइनकाठी

फ्रँकफुर्टहून एक भाबडी भर. इथे लोकांना वाटतं आपल्या करातून भारताला ‘भीक’ जाते. दर निवडणुकीत कुणीतरी ओरडतंच की चंद्रावर यान पाठवणाऱ्यांना पैसे कशाला. प्रत्यक्षात डोंगरदादांनी सांगितलेल्या साक्रीसारख्या कर्जात बराचसा पैसा बँकेनं भांडवलबाजारातून उभा केलेला असतो, करातून जाते ती व्याजातली सवलत. पूर्वी अशी कर्जं मदतीच्या आकडेवारीत अख्खी दिसायची, २०१८ पासून त्यातला अनुदानाइतका भागच मोजतात. हवामाननिधीच्या हिशेबात मात्र अजून कर्ज पूर्ण रकमेनं धरतात. २००९ मध्ये कोपनहेगनला कबूल केलेले वर्षाला १०० अब्ज डॉलर २०२० ऐवजी २०२२ मध्ये पोचले, आणि त्यातल्या सरकारी पैशात दोनतृतीयांशहून जास्त कर्ज होतं. परत करायचे पैसे.

शिवाय अमेरिकेची यूएसएड २०२५ मध्ये मिटलीच. बांगलादेशच्या त्या पल्ली विद्युत समित्या सत्तरच्या दशकात उभ्या राहिल्या त्या त्यांच्याच पैशांनी, अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या वीज सहकारी संस्थांच्या नमुन्यावर. भांडायला देणारा तरी हवा ना!

भुईनळा

आणि कर्ज डॉलरमध्ये असेल तर अजून एक फास. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ८६ टका होते, २०२४ मध्ये १२० च्या घरात. पॅनेल तेच, ऊन तेच, टक्यातलं देणं ४० टक्क्यांनी वाढलं. घरगुती संचांच्या वेळी ही जोखीम सरकारनं उचलली होती म्हणून दुकानदार वाचला. आता जिथे तिथे ‘खासगी गुंतवणूक आकर्षित करा’ असं चाललंय, तिथे ती जोखीम विजेच्या दरातून वसूल होणार.

डोंगरदादा

हिशेबनीस, मूळ पंपांच्या धाग्यावर या की. बांगलादेशात सौर पंपांचं काय केलं? आमच्याकडे शेतकऱ्याला दहा टक्के भरले की पंप मिळतो, पण वर्षातले निम्मे दिवस तो पंप गप्प असतो. उन्हाची वीज फुकट जाते. आणि चालू असतो तेव्हा बिल नाही म्हणून विहीर तळ गाठेपर्यंत चालतो.

हिशेबनीस

तिथे इडकॉलनं पंप एकेका शेतकऱ्याला दिले नाहीत. एक चालक मोठा पंप बसवतो : साधारण निम्मं अनुदान, ३५ टक्के कर्ज, १५ टक्के स्वतःचे. मग आजूबाजूच्या वीस-तीस शेतकऱ्यांना हंगामाचा दर ठरवून पाणी विकतो. असे दीड हजारांच्या आसपास पंप बसले. शेतकऱ्याचं डिझेल सुटलं, भांडवल घालावं लागलं नाही. पण बोरो (उन्हाळी) भाताचा हंगाम संपला की तोही पंप गप्पच. म्हणून आता ते पंप ग्रीडला जोडून उरलेली वीज विकायची खटपट चालू आहे. त्यातला पैसा परत दात्यांचाच.

पाणी उपसण्याच्या प्रश्नाला गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडीनं २०१६ पासून एक उत्तर करून दाखवलंय. तिथे शेतकऱ्यांनी सौर वीज विकण्यासाठी सहकारी मंडळी काढली. पंप न चालवता वीज कंपनीला दिली की युनिटला पैसे. म्हणजे पाणी उपसलं तर तेवढं उत्पन्न बुडतं, त्यामुळे माणूस आपणहून पंप बंद करतो. त्यालाही सुरुवातीचा पैसा बाहेरचाच होता, आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या प्रयोगातला. पण तिथे पंपापेक्षा मीटर महत्त्वाचा ठरला.

डोंगरदादा

मीटर म्हटलं की आमच्याकडे पहिला दगड मीटरवर पडतो, हे लक्षात ठेवा.

हिशेबनीस

बिल द्यायच्या मीटरवर पडतो. पैसे देणाऱ्या मीटरवर कोण टाकेल? ढुंडीतल्या करारात युनिटचा दर आणि मुदत काय होती, तो कागद माझ्याकडे कुठेतरी आहे. सापडला की पंपांच्या धाग्यावर टाकतो, पुढचं तिकडेच बोलू.